भरल्या अंगातील हाडे

हुबळीच्या केशवापूर भागात बारा ते सोळा वर्षांची जी मुले आहारसल्ल्यासाठी दवाखान्यात आणली जातात, ती जवळजवळ नेहमीच वजनासाठी आणली जातात, हाडांसाठी क्वचितच. आणि अंग भरलेले आहे त्या अर्थी हाडे दणकट असणारच, हा समज घराघरांत इतका घट्ट असतो की, सल्लागाराने हाडांविषयी एखादा प्रश्न विचारला तर पालकांना ते विषयांतर वाटते. “आमच्याकडे हाडच मोठे आहे” हे वाक्य मराठी घरांतून आणि त्याच आशयाचे वाक्य कन्नड घरांतून या कामात वारंवार ऐकू येते. त्यात अर्धे सत्य आहे, आणि उरलेल्या अर्ध्याचा शोध घेता घेता येथील सल्ल्याची पद्धत बदलत गेली.

दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालय हुबळीत असल्यामुळे बदलीवर आलेली मिरज-सोलापूरकडची कुटुंबे, पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहिलेली मराठी भाषक घरे, जैन आणि लिंगायत व्यापारी, कोकणी भाषक अशी सरमिसळ या भागात आढळते. घरे वेगळी असली तरी मुलांचा दिवस मात्र एकसारखाच असतो. सकाळी शाळेची गाडी, दुपारभर वर्ग, संध्याकाळी शिकवणी, परतताना बेकरीतील पफ किंवा गिरमिट आणि मिरची भजी, रात्री अभ्यास आणि मोबाइल. या दिनक्रमात मुलाच्या अंगावर ऊन पडण्याची वेळ शोधू लागले तर शाळेच्या फाटकापासून गाडीपर्यंतचे अंतर तेवढे हाती लागते.

वजन जास्त आहे किंवा नाही हे ठरवण्यासाठी शरीरभार निर्देशांक वापरला जातो, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या. वाढत्या वयात हा आकडा दर वर्षी बदलत असल्याने एकच मर्यादा सर्वांना लावता येत नाही. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या वाढतक्त्यांत प्रौढांच्या २३ आणि २७ या निर्देशांकांना जुळणाऱ्या दोन रेषा वयानुसार आखलेल्या आहेत. पहिली रेषा ओलांडणारे मूल अतिवजनाचे आणि दुसरी ओलांडणारे स्थूल समजले जाते. या तक्त्यांच्या रचनेत पुण्यातील वामन आणि अनुराधा खाडिलकर यांचा महत्त्वाचा वाटा आहे, आणि भारतीय मुलांच्या हाडांविषयीचे मोलाचे संशोधनही पुण्याच्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत त्यांच्याच गटाने केलेले आहे. केशवापूरसारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांना या तक्त्यांचा आधार विशेष वाटतो, कारण परदेशी तक्त्यांवर जे मूल अजून मर्यादेच्या आत दिसते, ते या तक्त्यांवर बाहेर पडलेले असते.

हाड ही जिवंत ऊती आहे. प्रथिनांच्या जाळीवर कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे क्षार बसून ते घट्ट होते आणि आयुष्यभर त्याची मोडतोड आणि बांधणी चालू राहते. परंतु ही बांधणी सर्व वयांत सारख्या वेगाने होत नाही. कॅनडातील सस्कॅचेवान येथे मुलांना वर्षानुवर्षे मोजत राहून केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, हाडांत खनिज भरण्याचा वेग मुलींमध्ये साडेबाराव्या आणि मुलग्यांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असतो, आणि प्रौढ वयातील एकूण खनिजाचा सुमारे चौथा हिस्सा त्या भोवतीच्या दोन वर्षांतच जमा होतो. मूल सातवी ते नववीत असताना, म्हणजे नेमके ज्या वर्षांत त्याचे खेळणे कमी होते आणि शिकवण्या वाढतात त्याच वर्षांत, हा चौथा हिस्सा भरला जाणार असतो.

आता भरल्या अंगाच्या मुलांविषयी. अशा मुलाच्या हाडांचे मापन केले तर त्यातील एकूण खनिज समवयस्क सडपातळ मुलापेक्षा बहुधा जास्तच भरते, कारण जास्त भार वाहणारे हाड स्वतःला थोडे जाड करून घेते. “हाड मोठे” या समजातील अर्धे सत्य ते हेच. परंतु शरीराचे वजन ज्या प्रमाणात वाढते त्या प्रमाणात हाड वाढत नाही. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे ऐल्सा गोल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटाजवळ हाड मोडलेल्या मुलामुलींचा अभ्यास करून ही तफावत दाखवून दिली. जड शरीर पडते तेव्हा हातावर येणारा आघातही जडच असतो, आणि तो पेलण्याइतके हाड वाढलेले नसते. याशिवाय हाडाला खरी चालना स्नायूंच्या ओढीतून मिळते, चरबीच्या ओझ्यातून नव्हे; पोटातील अवयवांभोवती साठणारी चरबी तर दाह निर्माण करणारी द्रव्ये सोडून हाडाच्या बांधणीला अडथळाच करते.

येथेच ‘ड’ जीवनसत्त्वाचा संबंध येतो. अन्नातील कॅल्शियम आतड्यातून रक्तात शोषले जावे यासाठी हे जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले तर रक्तातील कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी गळ्यातील परावटु ग्रंथींचे संप्रेरक वाढते आणि हाडातून कॅल्शियम काढून घेते, म्हणजे रक्ताचा हिशेब जुळवण्यासाठी हाडाची ठेव मोडली जाते. बालपणी ही कमतरता तीव्र असेल तर मुडदूस होतो. किशोरवयात तिची चिन्हे अधिक अस्पष्ट असतात, जसे जिना चढताना मांड्या भरून येणे, पिंढऱ्या आणि कंबर दुखणे, गुडघे एकमेकांना घासू लागणे. अतिवजनाच्या मुलात हे सारे वजनाच्या खात्यावर टाकले जाते. या कामातील सर्वांत महागडी चूक हीच ठरते, कारण वजनामुळे गुडघे घासतात असे एकदा ठरले की पुढची तपासणी होत नाही.

या जीवनसत्त्वाला जीवनसत्त्व म्हणणेही तसे अपुरे आहे, कारण ते मुख्यतः अन्नातून मिळत नाही, तर त्वचेत तयार होते. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याने बरे केले, आणि त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलॅन्बी यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने मुडदूस टळतो हे दाखवले. एकच आजार उन्हानेही टळावा आणि तेलानेही टळावा, हे कोडे पुढे उलगडले. त्वचेत कोलेस्टेरॉलच्या कुळातील एक द्रव्य असते. सूर्यप्रकाशातील २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या अतिनील लहरी, ज्यांना अतिनील ‘ब’ किरण म्हणतात, त्या या द्रव्यावर पडल्या की त्यापासून ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. पुढे यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्याच्यावर एकेक संस्कार होऊन ते कामाला लागते. रक्ततपासणीत मोजले जाते ते यकृतात तयार होणारे मधले रूप.

हे जीवनसत्त्व चरबीत विरघळते, आणि अतिवजनाच्या मुलांची अडचण याच एका गुणधर्मातून सुरू होते. अमेरिकेतील जे. वॉर्ट्समन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्थूल आणि सडपातळ प्रौढांना सारखाच अतिनील प्रकाश दिला, तेव्हा स्थूल व्यक्तींच्या रक्तातील ‘ड’ जीवनसत्त्वाची वाढ सुमारे ५७ टक्क्यांनी कमी भरली, जरी त्यांच्या त्वचेत ते तयार होण्याची क्षमता कमी नव्हती. तयार झालेले जीवनसत्त्व चरबीत जाऊन बसते, आणि शरीराचे आकारमानच मोठे असल्यामुळे ते विरळही होते. पालकांना हे समजावताना स्वयंपाकघरातील दाखला उपयोगी पडतो: चार माणसांच्या आमटीपुरते मीठ दहा माणसांच्या पातेल्यात टाकले तर मीठ कमी झालेले नसते, पण आमटी अळणी लागते. म्हणूनच अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने २०११ मध्ये स्थूल व्यक्तींना कमतरतेवर दोन ते तीन पट मात्रा लागू शकते असे नमूद केले होते.

देशभरातील मुलांचे २०१६ ते २०१८ या काळात जे व्यापक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण झाले, त्यात दहा ते एकोणीस वर्षांच्या २४ टक्के मुलांमध्ये या जीवनसत्त्वाची पातळी दर मिलिलिटरमागे १२ नॅनोग्रॅमच्या खाली आढळली. वर्षातील बहुतेक दिवस ऊन असलेल्या देशात हे कसे, असा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो, आणि केशवापूरपुरते त्याचे उत्तर भूगोलात आणि घड्याळात मिळून सापडते. हुबळी साधारण १५.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या आरंभी आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येथे माध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर असतो, आणि डिसेंबरातील सर्वांत लहान दिवशीसुद्धा तो माध्यान्ही क्षितिजापासून ५१ अंशांवर चढतो. म्हणजे वर्षातील एकाही दिवशी भर दुपारची सावली माणसाच्या उंचीपेक्षा लांब होत नाही. सावली उंचीपेक्षा लहान असेल तेव्हा अतिनील ‘ब’ किरण पुरेसे पोचतात, असा साधा ठोकताळा आहे. या हिशेबाने, लंडनच्या मुलाला हिवाळ्यात अनेक महिने जे मिळतच नाही, ते हुबळीच्या मुलाला पावसाळी ढगांचे दिवस सोडले तर बाराही महिने दाराशी उपलब्ध आहे, फक्त ते साधारण सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळात, आणि ती वेळ वर्गाची आहे.

मराठी घरांत कोवळ्या उन्हाची थोरवी फार जुनी आहे. बाळाला तेल लावून सकाळच्या उन्हात धरावे, रथसप्तमीला उगवत्या सूर्याची पूजा करावी, सूर्यनमस्कार पहाटे घालावेत, या साऱ्यामागचा आदर खरा आहे आणि त्या सवयींचे इतर लाभही खरे आहेत. परंतु सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या किरणांना वातावरणातून तिरके आणि लांबचे अंतर कापावे लागते, वाटेत ओझोनचा थर अतिनील ‘ब’ किरण गिळून टाकतो, आणि सात वाजताच्या कोवळ्या उन्हात ऊब असते, पण ‘ड’ जीवनसत्त्व जवळजवळ नसते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हातही ते नसते, कारण काच हे किरण अडवते. “आम्ही रोज सकाळी गच्चीवर उन्हात बसवतो” असे सांगणाऱ्या आजींना हे सांगणे सोपे नसते, आणि ते आजींचे चुकले अशा सुरात तर मुळीच सांगू नये; सकाळची गच्ची तशीच ठेवावी आणि सुटीच्या दिवशी अकरानंतरची पंधरा-वीस मिनिटे, हातपाय उघडे ठेवून, त्वचा लाल न होऊ देता, तिच्यात जोडावीत, अशी विनंती केल्यास ती बहुधा मानली जाते. मुलींच्या बाबतीत मात्र ती अडते. “काळवंडेल” हा एक शब्द दुपारच्या उन्हाचा मार्ग बंद करतो, आणि सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य किरण शोषून घेत असल्याने ज्या मुलीला जास्त वेळ उन्हाची गरज असते, तिलाच ते सर्वांत कमी मिळू दिले जाते. या अन्यायाविषयी तटस्थपणे लिहिणे अवघड आहे.

उन्हाची जागा मग पुडी घेते. ६०,००० एककांची दाणेदार पुडी दुधातून आठवड्याला एक, हे भारतातील अत्यंत परिचित औषध झाले आहे, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या आठवड्यांपुरते, ते उपयुक्तही आहे. बिघडते ते पुढे. प्रयोगशाळांच्या अनेक अहवालांवर ३० नॅनोग्रॅमच्या खालचा प्रत्येक आकडा अपुरा म्हणून छापला जातो, तर भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुलांसाठी २० च्या वरची पातळी पुरेशी, १२ ते २० अपुरी आणि १२ च्या खालची कमतरतेची मानली जाते; त्यामुळे २४ आकडा घेऊन आलेले कुटुंबही आजार झाल्याच्या चिंतेत असते आणि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून पुड्या चालू ठेवते. जीवनसत्त्व चरबीत साठते त्या अर्थी त्याचा अतिरेकही साठतो. रक्तातील कॅल्शियम प्रमाणाबाहेर वाढून तहान, उलट्या, बद्धकोष्ठता आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. ‘पुड्या किती झाल्या आणि केव्हा थांबवल्या’ हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो, आणि उत्तर आठवणीवर न ठेवता रिकाम्या पाकिटांवरून मोजलेले बरे.

आहारसल्ल्याच्या कामातील एक चूक येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण ती अज्ञानातून नव्हे तर घाईतून झाली आणि अनेक ठिकाणी अजूनही होत असावी. वजन कमी करण्यासाठी जो आहारतक्ता सुरुवातीच्या काळात दिला जाई, त्यात उष्मांकांची बेरीज पाहून दूध एका कपावर आणले जाई, तीळ, शेंगदाणे आणि कारळ्याची चटणी तेलकट म्हणून वगळली जाई, आणि दह्याऐवजी पातळ ताक सांगितले जाई. तीन महिन्यांत वजनकाटा खाली येई आणि सर्वांना समाधान वाटे. हिशेब उलट बाजूने मांडला तेव्हा लक्षात आले की, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे असताना त्या तक्त्यातून त्याच्या निम्मेही भरत नव्हते. ज्या दोन वर्षांत हाडाचा चौथा हिस्सा भरायचा, त्याच वर्षांत सल्ल्यानेच त्याची रसद तोडली होती.

तक्ता बदलण्यासाठी बाहेरून काही आणावे लागले नाही. साय काढलेल्या दुधात कॅल्शियम तितकेच राहते, म्हणून २०० मिलिलिटरच्या दोन पेल्यांतून सुमारे ४७० मिलिग्रॅम मिळतात. ५० ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीतून १८० च्या आसपास, १० ग्रॅम तिळातून १२५ च्या आसपास आणि एका वाटी दह्यातून त्याहून थोडे अधिक जोडले की बेरीज हजाराच्या जवळ येते, आणि उरलेले भाज्या, डाळी आणि ज्वारी भरून काढतात. तीळ आणि नाचणीतील सगळेच कॅल्शियम शरीराला मिळत नाही, कारण त्यांतील फायटेट आणि ऑक्झलेट ही द्रव्ये ते बांधून ठेवतात. भिजवणे, आंबवणे आणि मोड आणणे यांनी फायटेटची पकड सैल होते, आणि नाचणीची आंबील करणाऱ्या घरांनी हे शास्त्र शिकण्याआधीच आचरणात आणले होते. उत्तर कर्नाटकात ज्वारीच्या भाकरीबरोबर कारळ्याची, जवसाची किंवा शेंगांची कोरडी चटणी ताटात असतेच; ती काढायची नसून तिच्यावर ओतले जाणारे तेल आणि ताटाबाहेरचे पफ काढायचे आहेत. वजन उतरवण्याचा मार्ग चटणीच्या चमच्यातून जात नाही, हे आकड्यांनी पटते. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र शाकाहारी ताट फारसे काही देऊ शकत नाही. बांगड्यासारखे तेलकट मासे आणि अंड्याचा बलक सोडले तर उरते ते पोषणसमृद्ध दूध आणि तेल, ज्यांच्या पिशवीवर अधिक चिन्हासह ‘एफ’ हे इंग्रजी अक्षर छापलेले असते. २०१८ च्या नियमांनुसार अशा दुधात लिटरमागे २०० ते ३०० एकके असतात, म्हणजे ६०० एककांच्या रोजच्या गरजेपुढे दोन पेल्यांतून शंभरेक.

गुडघेदुखीविषयी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. वजन जास्त असलेला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा लंगडत येतो आणि गुडघ्यावर हात ठेवतो, तेव्हा दोष गुडघ्यात नसून खुब्यात असू शकतो. मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग या वयात वाढीच्या कूर्चेने जोडलेला असतो आणि जादा भाराखाली तो तेथून घसरू शकतो; त्याची वेदना मांडीतून उतरून गुडघ्यात जाणवते, आणि पाय बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो. अशा मुलाला आहारतक्ता आणि चालण्याचा सल्ला देऊन परत पाठवणे धोक्याचे आहे. त्याला चालू न देता त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवावे लागते, कारण उशीर झाला तर त्या गोल भागाचा रक्तपुरवठाच जाण्याचे भय असते. आठवडाभर गुडघ्याला मलम चोळून मग आलेला असा एक मुलगा पाहिल्यानंतर, लंगडणाऱ्या मुलाला वजनकाट्यावर उभे करण्याआधी झोपवून त्याचा खुबा फिरवून पाहावा, हा नियम दवाखान्यात पक्का झाला.

हाडाला उन्हाइतकीच उडीची गरज असते. पाय जमिनीवर आदळताना बसणारा धक्का हाडातील पेशींना बांधणीचा संदेश देतो. पोहणे आणि सायकल चालवणे यांनी दम वाढतो, पण तो धक्का बसत नाही. दोरीवरच्या उड्या, खो-खो, लंगडी, लगोरी हे खेळ या दृष्टीने उत्तम, आणि मंगळागौरीतील झिम्मा आणि फुगड्या तर मुलींच्या हाडांसाठी जणू मुद्दाम रचलेल्या वाटाव्यात. अडचण अशी की शाळेच्या मैदानावर जड मुलाच्या वाट्याला गुण लिहिण्याचे काम येते, किंवा तो स्वतःच ते मागून घेतो, कारण धावताना होणारी चेष्टा त्याला सावलीतील खुर्चीपेक्षा महाग पडते. अशा मुलाला एकदम उड्या मारायला लावले तर घोटे आणि गुडघे दुखावतात. जिन्याच्या खालच्या पायरीवरून दहा उड्या, रोज, घरच्या माणसासमोर, इतक्यापासून आरंभ केला की महिन्याभरात तो दोरी मागतो असा अनुभव आहे.

शासकीय योजनांचा हात या मुलांपर्यंत फारसा पोचत नाही. कर्नाटकात १ ऑगस्ट २०१३ रोजी सुरू झालेली क्षीरभाग्य योजना आणि त्याच वर्षी सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी आहेत, आणि ते योग्यच आहे. परंतु केशवापुरातील अतिवजनाची मुले बहुतांशी विनाअनुदानित शाळांत शिकतात, जेथे दुधाचा पेलाही नसतो आणि वार्षिक तपासणीत वजन लिहिले जाते, पाय पाहिले जात नाहीत. शारीरिक शिक्षणाचा तास आठवड्यातून दोनदा तरी सकाळच्या पहिल्या तासाऐवजी साडेअकराला, मधल्या सुटीला लागून ठेवावा, एवढी मागणी या कामातून वारंवार पुढे येते. मे महिन्यात शाळाच नसते आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हुबळीची साडेअकराची हवा मुलांना सहज मानवते, त्यामुळे उन्हाच्या त्रासाचे कारण तेथे लागू होत नाही.

दवाखान्याच्या नोंदपत्रात आता वजनाचा रकाना चौथा आहे. पहिला उंचीचा, कारण उंची वाढत असेल तर वजन तेवढेच राहणे हीही प्रगती असते. दुसरा घोट्यांमधील अंतराचा, गुडघे जुळवून उभे केले असता किती बोटे अंतर राहते ते पाहण्यासाठी. तिसरा, काल सकाळी अकरा ते दुपारी तीनमध्ये मूल आभाळाखाली किती मिनिटे होते याचा. या तिसऱ्या रकान्यात पहिल्या भेटीला बहुतेक वेळा शून्य लिहावे लागते, आणि दुसऱ्या भेटीला तेथे दहा किंवा पंधरा असा आकडा आला तर तो मुलाकडून पुन्हा एकदा विचारून घेतला जातो, कारण पालक आणि मूल यांची उत्तरे वेगळी येतात आणि मुलाचे बरोबर असते.